शहापुरातला आमचा वाडा: विकण्याआधी, पाडण्याआधी त्याला वाचायचं कसं?

शहापूरची_पेठ

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या शहापुरात खडेबाजाराच्या आतल्या एका गल्लीत आमचा जुना वाडा आहे. चार चुलत घरांची मालकी. दोघं पुण्यात, एक बेंगळुरात, आणि आम्ही अजून तिथंच राहतो. सध्या विक्रीची बोलणी चालली आहेत. ठेवायचा की विकायचा ते आम्ही घरात बसून ठरवू, त्यावर इथं मत मागत नाही. मला हवंय ते वेगळं. या घराचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. आजोबा गेले, वडिलांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं. आता उरलंय ते घरच. नुसतं घर बघून, मोजून, खरवडून त्याच्याविषयी काय काय कळू शकतं ते जाणकारांनी सांगावं.

वाडा पूर्वमुखी. रस्त्यावरची रुंदी २४ फूट, पण आत शंभर फुटांच्या पुढं लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. रस्त्याला ओटा आणि दुकानाचा गाळा, त्याच्या बाजूनं देवडीतून आत यायचं. मग चौक. चौकाच्या उत्तर अंगाला लांबलचक सोपा (ओसरी), त्याला ओळीनं सहा सागवानी खांब. पुढं माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, आड आणि परडं. माडी फक्त पुढच्या भागावर. भिंती कमरेपर्यंत जांभ्याच्या, वर मातीच्या. पुढच्या छपरावर मंगळुरी कौलं, स्वयंपाकघरावर मात्र अजून नळीची कौलं आहेत.

एक कौल उतरवून बघितलं तर पाठीवर इंग्रजीत बासेल मिशनचं नाव आणि १८६५ असा आकडा आहे. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, म्हणजे वाडा १८६५ चा. सहापैकी पुढच्या चार खांबांवर केळफुलाची नक्षी आहे, मागचे दोन अगदी साधे. दुकानाच्या गाळ्यावर लोखंडी गर्डर आहे. आणि चौकाच्या पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात फुगते, गवंडी म्हणतोय सिमेंटचा गिलावा मारून घ्या. तेवढंही सांगा.

जांभ्याची_खाण

पेठदादा, इतकी नीट माहिती दिलीत, बरं वाटलं. एकेक घेतो.

कौलावरचा १८६५ हा कौल भाजल्याचा सन नाही. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो सन आहे, आणि पुढं कित्येक वर्षं तोच आकडा साच्यात राहिला. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा नावही बदललं. म्हणजे तुमचं कौल १८६५ ते साधारण १९२० या दरम्यानचं. शिवाय कौल म्हणजे छप्पर, घर नव्हे. आपल्याकडं पाऊस असा की छप्पर दोन पिढ्यांत एकदा तरी उतरवून पुन्हा चढवावंच लागतं. खालचा सांगाडा त्याहून जुना असू शकतो.

आता स्वयंपाकघरावर नळीची कौलं का राहिली? चुलीचा धूर. नळीची कौलं सैल बसतात, त्यांच्या फटीतून धूर निघून जातो. मंगळुरी कौल खाचेत घट्ट बसतं, धूर आत कोंडतो. म्हणून पुष्कळ घरांत दर्शनी भागावर नवी कौलं चढली आणि चुलीवरची जुनीच ठेवली. त्यामुळं मागचा भाग आधीचा असा अर्थ लगेच काढू नका.

गर्डरवर मधोमध ओल्या फडक्यानं पुसून बघा. पोलादाच्या गिरणीचं नाव उठावात असतं.

वाड्याला एक वय नसतं. पाया, खांब, छप्पर, फरशी, गर्डर, प्रत्येकाचं वय वेगळं काढायचं आणि मग ती एकावर एक ठेवायची. खांबांचं कोडं मला फार महत्त्वाचं वाटतं. चार नक्षीचे, दोन साधे, एकाच ओळीत. हे उगीच झालेलं नाही. जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र घरात आहे का?

माळमारुती

वाचतोय. आमच्या कडोलकर गल्लीतल्या घराचा पुढचा भाग रस्त्यात गेला तेव्हा असं काही विचारायचं सुचलंच नाही कुणाला. दादा, फोटो काढून ठेवा, आजच काढा.

मोडी_वाचक

कागदांबद्दल सांगतो, कारण शहापूरचा मामला बेळगावपेक्षा वेगळा आहे.

१८१८ नंतर बेळगाव इंग्रजांचं झालं, शहापूर मात्र सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात राहिलं. पायी जाण्याइतक्या अंतरावर दोन राज्यं. सांगली संस्थान विलीन झालं ते मार्च १९४८ मध्ये. तोवर शहापूरच्या घराचा व्यवहार म्हणजे सांगलीचा अंमल, सांगलीचा शिक्का आणि बहुतेक वेळा मोडी लिपी. मग आठ-साडेआठ वर्षं मुंबई राज्य, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य. एकाच घराच्या गाठोड्यात मोडी, बाळबोध (देवनागरी), इंग्रजी आणि कन्नड असे चारही कागद निघतात. वरचे कन्नड कागद ठेवून खालचे ‘वाचता येत नाहीत’ म्हणून टाकून दिलेले मी पाहिलेत. फार वाईट वाटतं. खरं तर तेच घराच्या जन्माचे कागद.

मोडी कागदावरचा सन बघताना जपून. शके असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. फसली म्हणजे महसुली सन असेल तर आपल्या भागात ५९०. अरबी म्हणजे सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. पुष्कळ कागदांवर दोन सन शेजारी शेजारी असतात, दोन्हींवरून ताळा जमला तर वाचन बरोबर समजा.

आणि खरेदीखतात दोन गोष्टी सापडतीलच. चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना कोण. आणि घराचं माप, बहुतेक खणांत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. तेव्हा घर फुटांत विकलं जात नव्हतं, खणांत विकलं जात होतं. तो आकडा आजच्या खांबांशी जुळवून बघा.

शहापूरची_पेठ

काका, अंगावर काटा आला. देवघराच्या वरच्या फडताळात पितळी डब्यात कागद होते, एक मोडी खरेदीखत निघालं. ओळखीच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतलं. शके १७८२. म्हणजे १८६०-६१. त्यात लिहिलंय, “सोपा खण तीन”.

आमच्या सोप्याला आज सहा खांब आहेत. सहा खांबांत पाच खण. पण केळफुलाचे खांब चार, आणि चार खांबांत खण तीनच!

गर्डरही पुसला. डोरमन लाँग, मिडल्सब्रो.

जांभ्याची_खाण

झालं की ओ! तुमच्या घरानं स्वतःच सांगितलं. १८६० ला सोपा तीन खणी होता. केळफुलाचे चार खांब त्या वेळी उभे होते. साध्या खांबांचे दोन खण नंतर वाढवले, घराच्या मागच्या दिशेनं, कारण बाजूला सरकायला जागाच नव्हती. पाचव्या खांबाचा तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, आणि चौथ्याचा तळखडा शेजारी ठेवून बघा, दगड वेगळा किंवा घडाई वेगळी असणार. वरची तुळईही एकसंध नसणार, चौथ्या खांबावर जोड असेल.

डोरमन लाँग ही इंग्लंडातली कंपनी, १८७५ ची. साकचीला (आजच्या जमशेदपूरला) टाटांचं पोलाद निघायला लागलं १९१२ ला, त्याआधी आपल्याकडचे गर्डर बहुतेक विलायतेहूनच येत. लोंढ्याकडून रेल्वे बेळगावात आली १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर आपला माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाट चढून गाड्यांवर यायचा. एवढं लांब लोखंड बैलगाडीवर घाटातून आणणं कठीण, त्यामुळं गर्डर रेल्वेनंतरचा असावा असं मी धरतो. गर्डर आला म्हणजे दुकानाचं तोंड रुंद केलं. आधी तिथं लाकडी तुळई आणि मधे खांब असणार. फरशीत खांबाची खूण शोधा.

दुकानात काय विकत होते हो?

शहापूरची_पेठ

कापड. शहापुरी लुगडी. आजोबांच्या आजोबांनी विणकरांकडून माल घेऊन ठेवायचा धंदा केला असं वडील सांगायचे. माडीवर लुगड्यांच्या घड्या रचायला भिंतीत उभी फडताळं आहेत, लाकडी चौकटीची.

आजीचं_माजघर

बाळा, मी रामदेव गल्लीत वाढले, आता टिळकवाडीत असते. तुम्ही सगळे खांब आणि गर्डर बघताय ते बरोबरच आहे, पण घर माणसांनी कसं वापरलं तेही घरावरच उमटलेलं असतं. ते कोण बघणार?

कोनाडे बघ. ज्या कोनाड्याच्या वरच्या कडेला काजळी धरलीय तिथं रोज दिवा लागत होता, म्हणजे तिथं संध्याकाळी माणसं बसत होती. बाकीच्या कोनाड्यांत सामान. माजघरात जमिनीलगत एखादी जागा गुळगुळीत झालेली असेल, तिथं जातं होतं. बाई एकच पाय लांब करून दळायला बसते, टाच रोज तिथंच घासते. आडाच्या काठावरच्या दगडाला दोराच्या खाचा असतील. खाचा एकाच बाजूला खोल असतील तर पाणी त्याच बाजूनं शेंदत होते, आणि न्हाणी आधी त्याच बाजूला असणार.

माजघर आणि सोप्यामधल्या भिंतीत छोटा झरोका आहे का बघ, माणूस पाटावर बसल्यावर डोळ्याला येईल एवढ्या उंचीवर. आमच्या घरी होता. बायका सोप्यावर येत नसत, पण कोण आलंय, किती पानं वाढायची, हे त्यातून कळायचं. बाळंतिणीची खोली कुठली होती ते विचार. ती बहुतेक माजघरालगतची, वारा न लागणारी. तुझ्या घरात किती जण जन्मले हे त्या खोलीला माहीत.

आणि पावसात चौकाच्या चारी कडांना पागोळ्या लागायच्या तेव्हा आई घंगाळं, घागरी ओळीनं मांडायची. डाळ शिजवायला ते पाणी. ज्या जागी वर्षानुवर्षं पागोळ्या पडल्या तिथं दगडाला बारीक खळगे पडतात. छपराची कड पूर्वी कुठं होती ते त्या खळग्यांच्या रांगेवरून कळेल तुम्हा इंजिनेर लोकांना.

जांभ्याची_खाण

आजी, नमस्कार. पागोळ्यांच्या खळग्यांची रांग. इतकी वर्षं घरं मोजतोय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पेठदादा, हे आधी करा.

निपाणीकर

आमच्याकडं निपाणीत थोडं वेगळं. तंबाखूची वखार आणि घर एका छपराखाली. वखारीला खिडक्या कमी, दार रुंद, जमीन उंच आणि कोरडी. म्हणजे सोपा पाहुण्यांसाठी कमी आणि मालासाठी जास्त. शहापूरचा वाडा लुगड्याच्या धंद्यावर उभा राहिला तसा आमचा तंबाखूवर. धंदा बदलला की घराचं पोट बदलतं. आमच्या वखारीत आता गॅरेज आहे.

रिसालदार_गल्ली

एक मुद्दा मांडतो. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा आधी वकील सदाशिवराव भाटे यांच्या घरी उतरले, रिसालदार गल्लीत. मग वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडं राहायला गेले. भाट्यांचं ते घर आज रामकृष्ण मिशननं स्मारक म्हणून जपलंय. जरूर जाऊन बघा. मला ते घर फार जवळचं आहे.

पण मी तिथून बाहेर पडलो की नेहमी एकच विचार येतो. थोर पाहुणा उतरला म्हणून ते घर राहिलं. त्याच काळातली, तशाच मापाची, त्याच सुतारांच्या हातची बाकीची घरं गेली, कारण तिथं फक्त घरचीच माणसं राहिली. लुगडी विकणारी, दळणारी, बाळंत होणारी. बेळगावचा इतिहास म्हटलं की किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती आणि १९२४ चं काँग्रेस अधिवेशन. मधल्या सातशे वर्षांत लोक राहत कुठं होते? पेठदादांच्या वाड्यात कुणी थोर उतरलं नसेल. म्हणूनच त्याची नोंद करायला हवी, कारण दुसरं कुणी करणार नाही.

अनगोळ_नाका

सगळ्यांच्या भावना समजतात, पण राहून बघितलेलं सांगते. लग्न होऊन मी अशाच वाड्यात आले. संडास परड्याच्या टोकाला, पावसात रात्री छत्री घेऊन जायचं. जिना इतका उभा की सासूबाईंनी शेवटची काही वर्षं माडी बघितली नाही. माजघरात दिवसाही दिवा. वर्षातून एकदा छपरावर माणूस चढवायचा, तो मिळायचा नाही, मिळाला तर दहा कौलं फोडून उतरायचा. चार भावांत दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावरून बोलणं बंद झालं. आम्ही विकलं. आज फ्लॅटमध्ये माझे गुडघे सुखात आहेत, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. जे राहतात त्यांनाच ते सोसावं लागतं, एवढं लक्षात ठेवून बोलूया.

शहापूरची_पेठ

ताई, तुमचं एकूणएक बोलणं खरं आहे. आमच्या आईनं हे सगळं काढलंय. म्हणूनच मी विकण्याला विरोध म्हणून हा धागा काढला नाही. विकलं तरी ते काय होतं हे आमच्या पोरांना कळावं, एवढंच.

पश्चिमेच्या भिंतीचं कुणी सांगाल का? गवंडी पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय.

चुन्याची_घाणी

त्याला थांबवा. आधी हे वाचा.

आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम आहे. मातीची भिंत आणि जांभा दोन्ही पाणी पितात आणि दोन्ही ते सोडून देतात, फक्त सोडायला वाट पाहिजे. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो. पाणी आत राहतं, मातीतले क्षार घेऊन सिमेंटच्या मागं साठतं, तोच लोणा. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि सुटताना मातीचा थर घेऊन खाली येतो. मग लोक म्हणतात भिंतच कच्ची होती. भिंत कच्ची नव्हती, तिचा श्वास कोंडला.

तिथं मातीचाच गिलावा करा. चाळलेली माती, भाताचा भुसा, शेण. चांगली मुरवा, रोज पायानं तुडवा. वरून चुन्याचा हात. चुना कळीचा घ्या, पाण्यात विरवून निदान काही आठवडे तसाच ठेवा. जांभ्याच्या भागाला चुना आणि वाळू, जमलं तर विटांची सुरखी (भुकटी) घालून. गूळ आणि हिरड्याचं पाणी आमचे आजोबा घालायचे, मीही घालतो. पण चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. पावसाळ्यात हे काम करू नका. दिवाळीनंतर सुरू करा आणि पुढचा पाऊस यायच्या आत संपवा. तोवर भिंत उघडी ठेवा, फक्त झड लागणार नाही अशी ताडपत्री बाहेरून, भिंतीपासून हातभर लांब बांधा.

जांभ्याची_खाण

शंभर टक्के सहमत. पण दादा, गिलाव्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. चौकातलं पाणी पूर्वी कुठं जात होतं? दगडी मोरी असेल, घराखालून गल्लीकडं जाणारी.

शहापूरची_पेठ

आहे. देवडीच्या फरशीखालून जाते. पण गल्लीचा रस्ता दर वेळी वर चढत गेलाय. ओट्याच्या तीन पायऱ्या होत्या असं वडील सांगतात, आता एकच दिसते.

जांभ्याची_खाण

मग तुमचा रोग सापडला. रस्ता चढला, गटार मोरीपेक्षा वर गेलं, चौकातलं पाणी बाहेर जायचं थांबलं. ते पश्चिमेच्या पायात मुरतंय. भिंत फुगतेय ती खालून. मोरी साफ करून उपयोग नाही, उतारच उलटा झालाय. चौकाच्या कोपऱ्यात बंद टाकी करा, पाणी तिथून छोट्या पंपानं गटारात सोडा. दुसरं, चौकावर दोन छपरांचे उतार जिथं मिळतात तो कोनवासा बघा. तिथला पत्रा गंजला की पाणी भिंतीच्या डोक्यातून उतरतं. वाळवी पहिल्यांदा तुळईचं भिंतीतलं टोक धरते. बाहेरून खांब ठणठणीत दिसतात आणि आत टोक पोकळ असतं. लाकडावर हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, आवाज बद्द झाला तिथं थांबा.

आजीचं_माजघर

आणि मोजमाप कधी घेताय? मला बघायला यायचंय.

शहापूरची_पेठ

आजी, नक्की या. पुण्याचा भाऊ पुढच्या सुट्टीत येतोय, त्याची मुलगी आर्किटेक्चरला आहे. तिला धागा पाठवला, ती रात्रभर वाचत होती. पाडायचं ठरलं तरी पूर्ण नकाशा काढल्याशिवाय एक कौल हलवायचं नाही, यावर चारही घरांचा होकार आलाय.

जांभ्याची_खाण

उत्तम. मुलीला एवढं सांगा. वाडा काटकोनात आहे असं धरू नका, कधीच नसतो. चौकाचे दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक खोलीचेही मोजा. एक आडवी पातळी सगळ्या घरभर पाण्याच्या नळीनं ओढून घ्या आणि उंच्या त्या रेषेपासून मोजा, जमिनीवरून नको. ५० फुटाला १ फूट या प्रमाणात आराखडा, आणि पूर्व-पश्चिम एक उभा छेद, जो दुकान, चौक, माजघर आणि आड या सगळ्यांतून जाईल. तो छेद म्हणजे तुमचं घर. नंतर खांब, तुळया, छपराचे घोडे (लाकडी कैच्या) यांना खडूनं नंबर घालून फोटो. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक लगेच येतं आणि लाकूड एकदा गाडीत चढलं की कुठला खांब कुठं होता हे कायमचं जातं. केळफुलाचे चार तरी कुणी विकू नका.

मोडी_वाचक

खरेदीखताच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, पाठीमागची शेरेबाजीही. साक्षीदारांत सुताराचं नाव सापडायची शक्यता असते. आणि चतुःसीमेतली उत्तर-दक्षिणेची नावं घेऊन शेजाऱ्यांकडं जा. तुमच्या भिंती सामाईक आहेत, म्हणजे त्यांच्या कागदातही तुमचं घर असणार, कदाचित तुमच्या कागदाच्या आधीपासून. जायचं आणखी एक कारण आहे. त्यांच्या तुळयांची टोकं त्याच भिंतीत आहेत. उद्या तुमची बाजू उतरवायची वेळ आली तर ती टोकं किती आत आलीत आणि कशावर टेकलीत, हे दोन्ही घरांनी आधी मिळून मोजून घ्या.